शब्द जिंकेल, पण कोणाचा?

‘शब्द जिंकेल’ हे कुण्या कवीचे वाक्य नव्हे. अमेरिकी लष्कराच्या चौथ्या मानसशास्त्रीय युद्ध गटाचे ते लॅटिन बोधवाक्य आहे. पत्रके, भोंगे आणि रेडिओ ही या गटाची शस्त्रे. शरीरावर नव्हे, मनावर वार करायचा, हे त्याचे काम.

हा गट १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धभूमीवर उभा राहिला. ज्याला मूठमाती मिळत नाही त्याचा आत्मा भटकत राहतो, अशी तिथल्या सामान्य माणसाची श्रद्धा. अमेरिकी मानसयुद्धवाल्यांनी नेमकी तीच हेरली. मेलेला सैनिक रडत रडत ‘घरी परत जा’ म्हणतो आहे, अशा ध्वनिफिती रात्री जंगलात वाजवल्या गेल्या. गरिबाच्या श्रद्धेचे हत्यार करणे हा जगभरच्या सत्ताधाऱ्यांचा जुना धंदा आहे!

१९९१ च्या आखाती युद्धात सुमारे २ कोटी ९० लाख पत्रके टाकली गेली. ‘उद्या येथे बॉम्ब पडतील’ असे आधी कळवायचे आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच टाकायचे. हजारो इराकी सैनिक शरण आले. त्यामुळे प्राण वाचले, हे आम्ही नाकारत नाही. शरण येण्याचे आवाहन हा युद्धातला मान्य मार्ग आहे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. याच गटाचे काही सैनिक १९९९-२००० मध्ये सीएनएनच्या अटलांटातील मुख्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून काम करीत होते, हे २००० साली उघड झाले. बातम्यांवर त्यांचा प्रभाव नव्हता, असा खुलासा वाहिनीने केला. पण शत्रूचे मन वळवणाऱ्यांना वृत्तकक्षाचे दार उघडलेच कसे?

२००३ चा पेंटॅगॉनचा एक दस्तऐवज माहिती स्वातंत्र्य कायद्यामुळे २००६ मध्ये बाहेर आला. परदेशी जनतेसाठीचा प्रचार आता आपल्याच नागरिकांपर्यंत पोहोचतो, अशी कबुली त्यात आहे. कायद्याने मागितला नसता तर तो कपाटातच राहिला असता.

आणि २०२४ मध्ये रॉयटर्सने उघड केले ते तर भयंकर! अमेरिकी लष्कराने २०२०-२१ मध्ये फिलिपिन्समध्ये बनावट खात्यांमार्फत चिनी लसीविषयी संशय पेरला. लष्कराचे मानसयुद्ध केंद्र फ्लोरिडातील टॅम्पा येथे, हल्ला मनिलाच्या झोपडपट्टीवर. जी लस त्या देशात सर्वांत आधी पोहोचली, तिच्याविरुद्धच हा अपप्रचार! फिलिपिन्स अमेरिकेचा शत्रू नव्हे, मित्रदेश. मग तिथल्या गरीब आईने कोणता गुन्हा केला होता?

बंदुकीने मेलेल्याची निदान नोंद होते. खोट्या शब्दाने मेलेल्याचा पंचनामा कोण करणार? वकील म्हणून आम्हाला हाच प्रश्न छळतो. म्हणून बांधवांनो, समोर आलेला प्रत्येक मजकूर वाचताना आधी विचारा: हे कोणी लिहिले, आणि कोणाच्या फायद्यासाठी? शब्द जिंकेलच. तो कोणाचा, हे आपल्या सावधपणावर ठरेल.