मोटरबोटीत बसताना

सुगी आटोपली की पुष्कळ माणसे मुंबई पाहायला निघतात. गेटवे ऑफ इंडियाला गेले की घारापुरीची लेणी पाहावीशी वाटतात. लेणी बेटावर आहेत. लाँचने तासाभराची वाट. लाँच म्हणजे मोठी मोटरबोटच.

१८ डिसेंबर २०२४ ला दुपारी अशीच एक लाँच घारापुरीला निघाली. आत शंभरावर माणसे होती. जवळच नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाची चाचणी घेत होती. तिचा ताबा सुटला आणि ती लाँचवर आदळली. लाँच बुडाली. दोन्हींकडची मिळून १५ माणसे गेली. पुष्कळ प्रवाशांच्या अंगात तरंगते जाकीट नव्हते.

गावात पोर विहिरीत पोहायला शिकते, तेव्हा त्याच्या पाठीला सुका भोपळा नाही तर रिकामा डबा बांधतात. जाकिटाचे काम तेच. ते पाण्यावर तरंगते, म्हणून आपले तोंड पाण्याबाहेर राहते.

कोणी म्हणेल, “मला पोहता येते. मला जाकीट कशाला?” अहो, विहिरीत तुम्ही लंगोट लावून उतरता! बोटीत अंगावर सगळे कपडे असतात. भिजलेले लुगडे किती जड होते, ते धुणे धुणाऱ्या बाईला विचारा. आणि डोक्याला मार बसला, तर पोहणे कुठले?

जाकीट धक्क्यावरच घाला. बोट कलंडल्यावर बंद बांधायला वेळ मिळत नाही. बंद आवळले, की सोबत्याला जाकीट खांद्याशी धरून वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत आले तर सैल आहे. पाण्यात पडताच डोक्यावरून निघून जाईल. पोराला पोराच्या मापाचे मागा. मागायला लाजू नका. तिकिटाचे पैसे आपण मोजलेत.

आता वजनाचे. कडब्याची गाडी फार उंच भरली, की चाक खळग्यात जाताच कलंडते. बोटीचेही तसेच. माणसे बसली की वजन खाली राहते, उभी राहिली की वर जाते. घारापुरीच्या वाटेवर पांढरे समुद्रपक्षी लाँचबरोबर उडतात. त्यांना खाऊ टाकायला सगळे एका बाजूला धावले, की बोट त्या अंगाला कलते.

७ मे २०२३ ला केरळात तानूरला सहलीची बोट उलटली. २२ जण गेले. बोटीत माणसे कोंबली होती. किती माणसे न्यायची, तो आकडा बोटीवर लिहिलेला असावा लागतो. तुम्हाला आता वाचता येते. तो वाचा आणि डोकी मोजा. जास्त भरली तर उतरा. दुसरी बोट येते.

बोटीत बिडी पेटवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाशी साचते आणि ठिणगीने भडकते. इंजिनाचा पंखा पाण्याखाली फिरत असतो. तो थांबल्याशिवाय पाण्यात पायही सोडू नका.

बोट उलटली, तरी पुष्कळदा ती तरंगत राहते. तिला धरून राहा. किनारा जवळ दिसतो, पण असतो लांब. शोधायला येणाऱ्यालाही पाण्यातल्या एकट्या डोक्यापेक्षा उलटलेली बोट लवकर दिसते.