विश्लेषण : मोटरसायकलप्रमाणे सायकलचे टायरही ट्यूबलेस? घरच्या घरी हा बदल कसा करावा?

पावसाळ्यात आरे कॉलनीच्या रस्त्यावर किंवा घाटकोपर-मुलुंडच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर सायकल चालवणाऱ्यांना पंक्चर नवे नाही. साचलेल्या पाण्याखालचा खिळा, काच किंवा ट्रकच्या फाटक्या टायरमधून निघालेली बारीक तार दिसत नाही आणि पहाटे साडेपाचला पंक्चरवाल्याचे दुकानही उघडे नसते. म्हणूनच माउंटन बाइकची चाके ट्यूबलेस करण्याचा पर्याय पुढे येतो. हे काम घरी जमण्याजोगे आहे. पण ते प्रत्येक सायकलवर करता येत नाही आणि एकदा केले की विसरूनही चालत नाही.

मोटरसायकलला ट्यूब नसते, मग सायकलला का?

अलॉय व्हील असलेल्या मोटरसायकलची रिम अखंड असते. त्यामुळे टायर आणि रिम मिळून हवाबंद पोकळी तयार होते. सायकलच्या रिमला मात्र स्पोकसाठी भोके असतात आणि हवा तिथून निसटते. 1999 मध्ये माविक, हचिन्सन आणि मिशेलिन या कंपन्यांनी माउंटन बाइकसाठी ‘यूएसटी’ ही ट्यूबलेस पद्धत आणली. आज प्रचलित असलेली पद्धत अधिक सोपी आहे. स्पोकची भोके टेपने बुजवायची आणि आत सीलंट हा पातळ द्रव घालायचा. बहुतेक सीलंटमध्ये रबराचा चीक व बारीक कण असतात. टायरला भोक पडले की हवेसोबत द्रव तिकडे धावतो आणि तिथेच घट्ट होऊन भोक बुजवतो.

फायदा काय?

खड्ड्याची कड बसली की ट्यूब टायर व रिममध्ये चिमटते आणि तिला सापाच्या दंशासारखी दोन भोके पडतात. ट्यूबच नसल्यावर हा प्रकार होत नाही. त्यामुळे हवा काहीशी कमी ठेवता येते. ओल्या पेव्हर ब्लॉकवर किंवा मातीच्या वाटेवर चाकाची पकड त्यामुळे सुधारते.

कोणत्या सायकलवर करू नये?

रिम आणि टायर या दोन्हींवर ‘ट्यूबलेस रेडी’ किंवा ‘टीएलआर’ असा उल्लेख हवा. स्वस्त सायकलींच्या अनेक रिम तशा नसतात. त्यांच्यात टायरची कड नीट अडकून बसत नाही आणि वळणावर ती सुटली तर हवा एका क्षणात जाते. अशा सायकलवर जुगाड न केलेला बरा. रिमचे भोकही तपासावे. मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हचे भोक साधारण 8.5 मिलिमीटरचे, तर बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचे 6.5 मिलिमीटरचे असते. ट्यूबलेस व्हॉल्व्ह त्या मापाचाच घ्यावा.

घरी काम कसे करावे?

गॅलरीत जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत. टायर व ट्यूब काढून रिम पुसून पूर्ण कोरडी करावी. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा 2 ते 5 मिलिमीटर रुंद ट्यूबलेस टेप ताणून लावावी. व्हॉल्व्हच्या भोकापाशी ती एकमेकींवर यावी. घरातली इन्सुलेशन टेप इथे चालत नाही. भोकावर टेपला बारीक छिद्र पाडून व्हॉल्व्ह बसवावा व हाताने आवळावा. मग टायर चढवून कडांना साबणाचे पाणी लावावे.

व्हॉल्व्हचा आतला गाभा काढून जोरात हवा भरली की कडा ‘टक्, टक्’ आवाज करत जागेवर बसतात. हवा सोडून त्याच वाटेने सिरिंजने सीलंट घालावे. 27.5 किंवा 29 इंची चाकाला साधारण 100 मिलिलिटर लागते. बाटलीवरचे प्रमाण पाहावे. गाभा परत लावून हवा भरावी, चाक फिरवावे आणि दोन्ही कुशींवर थोडा वेळ आडवे ठेवावे.

कडा बसल्याच नाहीत तर?

साध्या पंपाने हवा पुरेशा वेगाने जात नाही. अशा वेळी चाक कॉम्प्रेसर असलेल्या पंक्चरवाल्याकडे न्यावे. प्रेस्टा असल्यास अ‍ॅडॉप्टर सोबत हवा. तिथेही रिम आणि टायरवर छापलेल्या कमाल दाबांपैकी कमी असलेला आकडा ओलांडू नये.

मुंबईत देखभाल किती?

उष्णतेने सीलंट लवकर सुकते. त्यामुळे दर दोन महिन्यांनी ते तपासावे आणि कमी झाले असल्यास भर घालावी. सुकलेले सीलंट भोक बुजवत नाही आणि ही गोष्ट पंक्चर झाल्यावरच कळते. उरलेला द्रव मोरीत ओतू नये. तो नळीत घट्ट होऊ शकतो.

टायर फाटला तर सीलंटचाही इलाज चालत नाही. म्हणून ट्यूबलेस केल्यावरही एक ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि छोटा पंप पिशवीत ठेवावा. व्हॉल्व्ह काढून ट्यूब घातली की घरापर्यंत पोहोचता येते.