लाट किती वेळ ऐकायची?

कामण गावाला समुद्राची चाहूल लागते ती वसईच्या खाडीत चढणाऱ्या भरतीतून. लाट मात्र खाडीच्या तोंडाबाहेरच मोजावी लागते. मुंबईत अपोलो बंदराला भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासून आहे. लाटांचं पद्धतशीर मोजमाप त्यानंतर कितीतरी दशकांनी आलं. पाणी तासातासाने चढतं, लाट काही सेकंदांत निघून जाते.

आधी जहाजांवरून नजरेचे अंदाज, मग तरंगते बोये. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या बोयांनी नव्वदीच्या उत्तरार्धापासून दर तीन तासांनी सतरा मिनिटं, सेकंदाला एक याप्रमाणे वाचनं घेतली. खोल समुद्रासाठी ते पुरेसं होतं. किनाऱ्याजवळ नाही. गोव्यापुढच्या लाटांवर २००६ साली आलेल्या अभ्यासाने दाखवलं, की दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने उठणाऱ्या छोट्या लाटा काही तासांतच वाढतात आणि ओसरतात. तीन तासांच्या फटीत त्यांचा चढच निसटू शकतो. २०११ मध्ये रत्नागिरीच्या नोंदींतून इराणच्या आखाताकडच्या शमाल वाऱ्यांच्या लांब लाटाही ओळखल्या गेल्या. आपल्याकडे वारा पडलेला असतानाही त्या येतात! अशा दोन्ही लाटा एकाच नोंदीत हव्यात, ही आपल्या किनाऱ्याची खरी अडचण.

तळाशी बसून वर बघणाऱ्या ध्वनिसेन्सरने या मोजमापात मोठी भर घातली. चार सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे २५ मीटर. वीस मीटर खोल तळावर तिचा दाब जेमतेम शंभरातला एक भाग उरतो. ध्वनी मात्र थेट पृष्ठभागावर आदळून परततो, म्हणून ती लाट सापडते. मोठ्या उधाणाला इथे पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. तेव्हा ओहोटीची खोली धरून सेन्सरचा पल्ला लावला, तर भरतीला पृष्ठभाग त्याच्या बाहेर जातो. फुटत्या लाटांचे बुडबुडेही प्रतिध्वनी बिघडवतात.

माझ्या मते तासाला एक नोंद आणि सेकंदाला निदान दोन वाचनं हवीतच. सतरा मिनिटांत पंधरा सेकंदांच्या लाटा जेमतेम अडुसष्ट मावतात. त्यामुळे पावसाळ्यात चौतीस मिनिटं ऐकावं. बॅटरी जास्त खर्च होते, हे खरं. पण जून-जुलैत खवळलेल्या दर्यात ती बदलायला बोट नेता येत नाही, म्हणून हिशोब मे महिन्यातच, यंत्र पाण्यात सोडण्याआधी करावा लागतो.