गाऊनची ट्रेन आणि कार्यात्मक व्याख्या



पीएचडीच्या मुलाखतीत "तुमच्या चलाची कार्यात्मक व्याख्या काय?" असं विचारलं की बरेच जण अडखळतात. मीही अडखळले होते. आज हीच गोष्ट लग्नाच्या गाऊनवरून समजून घेऊ.

गाऊनचा मागे जमिनीवर लोळणारा घोळ म्हणजे ट्रेन. मडगावची माझी मैत्रीण चर्चमधल्या लग्नासाठी गाऊन शिवून घेत होती. दोन दुकानांत तिला एकच उत्तर मिळालं: "चॅपल ट्रेन, पाच फूट." नमुने बघितले तर एकाचा घोळ जमिनीवर जेमतेम दीड फूट, दुसऱ्याचा चांगला पाच फूट! पहिल्याने कमरेपासून मोजलं होतं, दुसऱ्याने कापड जमिनीला टेकतं तिथून. दोघंही खरंच बोलत होते.

ट्रेनचे नेहमीचे प्रकार असे:

१. स्वीप: जमिनीला जेमतेम टेकणारी.
२. कोर्ट: त्याहून थोडी लांब.
३. चॅपल: मध्यम लांबीची.
४. कॅथेड्रल: सर्वांत लांब प्रकारांपैकी एक.
५. वॅटो: खांद्यापासून सुटणारी. हे नाव चित्रकार आंत्वान वॅटोवरून पडलं.

नीट बघा. पहिले चार प्रकार लांबीवरून पाडलेत, पाचवा ट्रेन कुठून सुटते त्यावरून. म्हणजे एकाच यादीत वर्गीकरणाचे दोन निकष मिसळलेत. प्रबंधात असं केलंत तर परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील.

बरं, लांबी अचूक मोजली की काम झालं का? १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नात सुमारे १८ फुटांची ट्रेन धरायला १२ करवल्या होत्या. एवढ्या जणींना ती आखूड पडली आणि चालताना त्यांची तारांबळ उडाली. १९८१ मध्ये डायनाची ट्रेन २५ फुटांची होती. सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये ती शोभली, पण तिथवर नेणाऱ्या बग्गीत रेशमी टॅफेटा कोंबला गेला आणि उतरताना त्यावरच्या सुरकुत्या सगळ्या जगाने पाहिल्या. २०११ मध्ये केट मिडलटनची ट्रेन वेस्टमिन्स्टर ॲबीसारख्या भव्य जागी २.७ मीटरवरच थांबली. म्हणजे आखूड की लांब, हे जागा, कापड आणि माणसं बघूनच ठरतं.

म्हणून मैत्रिणीला मी तीनच प्रश्न विचारले. चर्चमधली मधली वाट किती रुंद आहे? गाडीत किती वेळ बसायचंय? रिसेप्शनला नाचायचंय का? नाचायचं तर होतंच! मग तिने जमिनीवर तीन फूट येईल अशी ट्रेन ठरवली आणि ती उचलून अडकवायला मागे आतून बटणं व लूप लावून घेतले. दुकानदाराला प्रकाराचं नाव न सांगता माप लिहून दिलं: कुठून कुठपर्यंत, किती.

हीच कार्यात्मक व्याख्या. "अभ्यासाची सवय", "ताण", "ग्रामीण" हे तुमच्या प्रस्तावातले शब्दही "चॅपल"सारखेच आहेत. प्रत्येकापुढे लिहा: मी हे कशाने, कुठून कुठपर्यंत मोजणार? आणि हे आधीच लिहा. कापड कापल्यावर घोळ वाढत नाही. प्रश्नावल्या भरून आल्यावर व्याख्या बदलली तर ती उत्तरं हातची जातात.