'फॉल' या क्रियापदाचा अंमल

इंग्रजी भाषेत 'फॉल' या लहानशा क्रियापदाचा अंमल किती दूरवर पोचला आहे, हे त्याच्या 'पडणे' या पहिल्या अर्थावर विसंबून राहणाऱ्यास सहसा कळत नाही. कारण झाडावरून फळ पडावे, आकाशातून पाऊस पडावा आणि बाजारात भाव पडावेत, येथवर ते आपल्या परिचयाचे वाटते, परंतु त्याच क्रियापदाच्या साहाय्याने इंग्रज मनुष्य झोपी जातो, बोलता बोलता स्तब्ध होतो, प्रेमात गुंततो, आणि त्याचा ईस्टरचा सण नेहमी रविवारी येतो. या सर्व प्रयोगांचे मर्म माझ्या मते एकच आहे: यांतील बहुतेक ठिकाणी कर्त्याच्या इच्छेला वाव नाही. निद्रा वा प्रीती यांपैकी काहीही हुकूम सोडून आणता येत नाही.

इच्छेने घडणाऱ्या क्रियेसाठी या भाषेने निराळा शब्द राखला आहे. लाकूडतोड्या कुऱ्हाडीने वृक्ष पाडतो त्या क्रियेला इंग्रजीत 'फेल' म्हणतात (परीक्षेतल्या 'फेल'शी याचा काही संबंध नाही), आणि हे 'फॉल'चेच प्रयोजक रूप होय; प्राचीन जर्मानिक भाषेतील प्रयोजक प्रत्ययाच्या तालव्य ध्वनीमुळे मूळ स्वर पालटला आणि ही जोडी निर्माण झाली. आपल्या 'पडणे–पाडणे' या जोडीतही स्वरच पालटतो. मात्र 'फॉल'चे भूतकाळी रूपही 'फेल' असेच असल्याने, झाड आपण होऊन पडले की कोणी ते पाडतो, याचा निवाडा वाचकाला वाक्यरचनेवरूनच करावा लागतो.

इतिहासात आणि धर्मविचारात या शब्दाला गांभीर्य प्राप्त झाले. रणांगणावर देह ठेवणारे वीर 'फॉलन' ठरले. आदम आणि ईव्ह यांच्या अधःपतनाला हाच शब्द मुक्रर झाला आणि तोच मिल्टनच्या 1667 सालच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्याचा विषय बनला. पुढे गिबनने 1776 ते 1788 या काळात प्रसिद्ध केलेल्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाच्या शीर्षकातही तो विराजमान झाला. पानगळीच्या ऋतूचे 'फॉल' हे नाव इंग्लंडात मागे पडले, अमेरिकेत मात्र ते आजही सर्रास चालते.

विद्यार्थ्याची खरी अडचण होते ती या क्रियापदाच्या पाठोपाठ येणाऱ्या अव्ययांनी. कवायतीत 'फॉल इन' म्हणताच जवान रांगेत उभे राहतात आणि 'फॉल आउट' म्हणताच रांग मोडतात. पण तेच 'फॉल आउट' दोन मित्रांविषयी वापरले तर त्यांचे बिनसले असे समजावे. 'फॉल थ्रू' म्हणजे ठरलेला बेत फिसकटणे, तर 'फॉल फॉर' म्हणजे कोणावर भाळणे किंवा कोणाच्या थापेला बळी पडणे. म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की, या क्रियापदासमोर एकच मराठी प्रतिशब्द लिहून देण्याचा शिरस्ता त्यांनी सोडावा आणि प्रत्येक अर्थ संपूर्ण वाक्यातूनच शिकवावा.