जेम्स बेरी

जेम्स बेरी (२८ सप्टेंबर, १९२४ – २० जून, २०१७) हे जमैकात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले कवी, कथाकार व संपादक होते. मुलांसाठी लिहिलेल्या कविता आणि कथांसाठी ते विशेष ओळखले जातात. जमैकातील लोकांची बोली ब्रिटिश शाळांमधील मुलांच्या पुस्तकांत सन्मानाने आणणाऱ्या पहिल्या पिढीच्या लेखकांत त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य

बेरी यांचे बालपण जमैकाच्या ईशान्य किनाऱ्यावरील पोर्टलंड परगण्यात एका शेतकरी कुटुंबात गेले. जमैका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. शाळेतील पाठ्यपुस्तके इंग्लंडच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून रचलेली असत. घरी, बाजारात आणि शेतावर मात्र पॅट्वा ही जमैकन बोली चाले. समुद्र, नारळाची झाडे, गाढवे, बाजाराचा दिवस आणि रात्री सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी हा त्यांच्या पुढील लेखनाचा साठा याच काळातला आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मजुरांचा तुटवडा भासू लागल्यावर वेस्ट इंडीजमधून शेतमजूर नेण्यात आले. त्यांत किशोरवयीन बेरीही होते. तेथील वर्णभेद त्यांना सहन झाला नाही आणि ते जमैकात परतले. १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' या जहाजाने शेकडो वेस्ट इंडियन प्रवासी इंग्लंडला पोहोचले. बेरी यांनाही त्या जहाजाने जायचे होते, पण भाड्याचे पैसे जमले नाहीत. त्याच वर्षी 'ऑर्बिटा' या पुढील जहाजाने ते इंग्लंडला गेले. लंडनमध्ये त्यांनी टपाल खात्याच्या परदेशी तार विभागात दोन दशकांहून अधिक काळ नोकरी केली. लेखन चालू होते, पण ते नोकरीच्या वेळेबाहेर.

शाळेतील अनुभव

१९७७ मध्ये मिळालेल्या सेसिल डे-लुइस अभ्यासवृत्तीमुळे बेरी यांना दक्षिण लंडनमधील व्हॉक्सहॉल मॅनर या मुलींच्या शाळेत निवासी लेखक म्हणून काम करता आले. त्यांच्या लेखनाला येथे वळण मिळाले. वर्गात कॅरिबियन कुटुंबांतील अनेक मुली होत्या. त्यांचे घर, त्यांचे खाणे, त्यांचे बोलणे ज्यात आहे अशी पुस्तके मात्र जवळपास नव्हती. बेरी यांनी मुलांसाठी लिहिण्यास सुरुवात केली ती ही उणीव पाहून.

ही उणीव केवळ वाचनानंदापुरती नव्हती. बर्नार्ड कोर्ड या ग्रेनेडाच्या शिक्षकाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत दाखवून दिले होते, की वेस्ट इंडियन मुलांना 'मंदबुद्धी' ठरवून विशेष शाळांत धाडण्याचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठे आहे. त्याच्या कारणांत भाषाही होती. मूल आपल्या घरच्या बोलीत बोलले, की शिक्षकांना ते चुकीचे इंग्रजी वाटे.

पॅट्वाला 'मोडके इंग्रजी' म्हणण्याचा प्रघात खुद्द जमैकातही होता. वस्तुतः ती क्रिओल भाषा आहे: शब्दसंग्रह बहुतांशी इंग्रजी, परंतु व्याकरणावर आणि उच्चारांवर पश्चिम आफ्रिकी भाषांचा ठसा. तिला स्वतःचे नियम आहेत. काळानुसार क्रियापदाचे रूप बदलत नाही, काळ दाखवणारा शब्द त्याच्या आधी येतो. अनेकवचनासाठी नामापुढे वेगळा शब्द जोडला जातो. गुलामगिरीच्या काळात वेगवेगळ्या आफ्रिकी भाषा बोलणारी माणसे ऊसमळ्यांवर एकत्र कोंबली गेली, त्यांतून ही भाषा घडली. तिला अशुद्ध ठरवणे म्हणजे तो इतिहासच नाकारणे होते.

बालसाहित्य

'अ थीफ इन द व्हिलेज' (१९८७) या जमैकन खेड्यातील मुलांच्या कथांच्या संग्रहाला त्याच वर्षी स्मार्टीज पुरस्काराचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पुढच्या वर्षी 'व्हेन आय डान्स' हा कवितासंग्रह आला. त्याची चित्रे सोनिया बॉइस यांची आहेत. या संग्रहात लंडनच्या वस्तीतील मुले आणि जमैकाच्या खेड्यातील मुले शेजारी शेजारी वावरतात; काही कविता प्रमाण इंग्रजीत आहेत, काही बोलीत, आणि जमैकन म्हणी व कोड्यांनाही त्यांत स्थान आहे. 'गर्ल्स कॅन वी एज्युकेट वी डॅड्स?' या कवितेत एक मुलगी वडिलांच्या जुनाट कल्पनांबद्दल तक्रार करते. प्रमाण इंग्रजीत 'आमचे' या अर्थी जेथे 'अवर' येईल, तेथे शीर्षकातच 'वी' आहे, कारण बोलीत 'आम्ही' आणि 'आमचे' यांसाठी तोच शब्द चालतो. शाळेत लाल शाईने खोडला जाणारा हा 'वी' छापील पुस्तकाच्या पानावर ठळकपणे उभा राहिला. बेरी यांनी बोलीचा उपयोग केवळ हसवण्यासाठी केला नाही; मुलीची नाराजी, एकटेपणा, आईवरचे प्रेम हे सारे ती बोली पेलू शकते, हे त्यांनी दाखवले. या संग्रहाला १९८९ चे सिग्नल काव्य पारितोषिक मिळाले.

'अनान्सी-स्पायडरमॅन' (१९८८) मध्ये त्यांनी लोककथांचे पुनर्कथन केले. अनान्सी हा अर्धा माणूस, अर्धा कोळी असलेला लबाड नायक. घानातील अकान लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थच 'कोळी' असा होतो. गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर त्याच्या गोष्टी अटलांटिक ओलांडून जमैकात पोहोचल्या.

'अजीमा अँड हिज सन' ही लघुकादंबरी १८०७ मध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली त्या वर्षी सुरू होते. मुलाच्या वधूसाठी चपलांच्या तळव्यांत सोने लपवून निघालेले बापलेक वाटेतच पकडले जातात आणि जमैकातील दोन वेगळ्या मळ्यांवर विकले जातात. त्यांची पुन्हा भेट होत नाही. मुलांच्या पुस्तकात इतका कठोर शेवट तेव्हा विरळाच होता. या पुस्तकाला १९९३ चा बोस्टन ग्लोब–हॉर्न बुक पुरस्कार मिळाला.

इतर कार्य

१९८१ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय काव्यस्पर्धेत बेरी यांची कविता पहिली आली. हा मान मिळवणारे ते पहिले वेस्ट इंडियन कवी होत. त्याआधी, १९७६ मध्ये, त्यांनी ब्रिटनमधील वेस्ट इंडियन कवींचा 'ब्लूफूट ट्रॅव्हलर' हा संग्रह संपादित केला होता. 'ब्लूफूट' म्हणजे जमैकन बोलीत परगावचा, उपरा माणूस. १९८४ च्या 'न्यूज फॉर बॅबिलॉन' या दुसऱ्या संपादनाला एका मोठ्या प्रकाशनसंस्थेचे पाठबळ मिळाले आणि ही कविता अधिक वाचकांपर्यंत गेली. १९९० मध्ये त्यांना 'ओबीई' हा ब्रिटिश किताब देण्यात आला.

बोटीच्या प्रवासाकडे ते उतारवयात पुन्हा वळले. 'विंडरश साँग्ज' (२००७) मधील कवितांत जमैका सोडणाऱ्या निरनिराळ्या माणसांचे स्वर आहेत: कोणी शेतीला कंटाळलेला, कोणी इंग्लंडच्या ओढीने निघालेला, कोणी मागे राहिलेल्यांची आठवण काढणारा. त्यांची हस्तलिखिते व कागदपत्रे २०१२ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने संपादन केली. अखेरच्या वर्षांत बेरी यांना अल्झायमर या विकाराने ग्रासले होते. वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.