किनाऱ्यावरचे ढग, घाटावरचे ऊन

एप्रिल-मे महिन्यांत आकाशवाणीवरच्या हवामानवृत्तात एक वाक्य वारंवार कानी पडते: किनारपट्टीवर आकाश अंशतः ढगाळ राहील, अंतर्गत भागात हवामान उष्ण व कोरडे राहील. आता हेच वाक्य पुष्कळांच्या हातातल्या फोनवरही येते. ते ऐकून घाटावरचा माणूस म्हणतो, "खाली गोव्यात बरे आहे, ढग आहेत. भाजून निघतो तो आम्हीच." आणि गोव्यातला माणूस म्हणतो, "ऊन तिकडे वर आहे, आपल्याला काय भीती?" आमच्या मते दोघांचीही समजूत अर्धीच खरी आहे, आणि ह्या अर्ध्या समजुतीपायी दर उन्हाळ्यात माणसे आजारी पडतात, कधी जिवासही मुकतात. म्हणून हे एक वाक्य नीट कसे वाचावे, एवढेच आज पाहू.

एकच डोंगर, दोन हवा

सह्याद्रीची भिंत मध्ये उभी आहे. खाली सत्तरी, डिचोली, पेडणे. वर खानापूर, बेळगाव आणि पुढे पूर्वेला गोकाक, अथणीचा कोरडा मुलूख. उन्हाळ्यात जमीन लवकर तापते, समुद्र मात्र हळूहळू तापतो. त्यामुळे दुपारी समुद्रावरची दमट हवा जमिनीकडे ओढली जाते. हा खारा वारा किनाऱ्याचा पारा चढू देत नाही. पणजीचे मे महिन्यातले कमाल तापमान सहसा 33-34 अंशांच्या आसपासच असते. पण तोच वारा बाष्पही घेऊन येतो. डोंगराला अडून ही हवा वर चढते, थंड होते आणि तिचे ढग बनतात. घाटाच्या पलीकडे जावे तसतसे हे बाष्प कमी होत जाते. तिथे दिवस तापतो, पण हवा कोरडी असल्यामुळे रात्री बरीच निवते. किनाऱ्यावर मात्र रात्रीसुद्धा अंगाची चिकचिक जात नाही.

आपले शरीर घामाने थंड होते असे आपण म्हणतो. खरे पाहता नुसत्या घामाने नव्हे, तर घाम वाळल्याने ते थंड होते. ओला कपडा कोरड्या हवेत चटकन वाळतो आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही, तसेच घामाचे आहे. दमट हवेत घाम निथळतो, पण वाळत नाही. मग अंगातली उष्णता अंगातच साठते.

हिशेब करून पाहा. अथणीकडे पारा 40 अंशांवर आहे आणि हवेत आर्द्रता 20 टक्के आहे, तर सावलीत शरीराला ती उष्णता साधारण 39-40 अंशांइतकीच जाणवते. गोव्यात पारा 34 अंशांवर आहे, पण आर्द्रता 70 टक्के आहे, तर शरीराला ती 46-47 अंशांइतकी जाणवते. पारा सांगतो की किनारा सहा अंशांनी थंड आहे; शरीर सांगते की तो सुमारे सात अंशांनी अधिक तापलेला आहे. शेतात काम करायचे आहे ते शरीराला, पाऱ्याला नव्हे. म्हणून अंदाज पाहताना तापमानाच्या शेजारी लिहिलेला आर्द्रतेचा आकडा अवश्य पाहावा.

16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. माणसे सकाळपासून उन्हात बसून होती. पारा 38 अंशांच्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा मोठा वाटणार नाही. तरीही त्यानंतर उष्माघाताने 14 जण दगावले. समुद्रकाठच्या हवेत 38 अंश म्हणजे काय, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

अंदाजातले शब्द

हवामान खात्याचे शब्द मोजूनमापून वापरलेले असतात. मैदानी भागात कमाल तापमान निदान 40 अंश आणि किनाऱ्यावर निदान 37 अंश झाले, शिवाय ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले, म्हणजे उष्णतेची लाट धरतात. किनाऱ्यावर हे क्वचितच घडते. म्हणून किनाऱ्यावर "लाट" हा शब्द ऐकू आला नाही तर निर्धास्त राहू नये. "उष्ण व दमट हवामान" असा इशारा असेल, तर तो लाटेइतकाच गंभीर समजावा.

"तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त चौथाई ठिकाणी पाऊस. तो आपल्या अंगणात पडेलच असे नाही, आणि पडणार नाही असेही नाही.

तिसरी गोष्ट घाटावरच्यांसाठी. बेळगाव जिल्हा हवामान खात्याच्या "उत्तर अंतर्गत कर्नाटक" ह्या विभागात मोडतो. विजयपूर, कलबुर्गी आणि बीदरही त्यातच. खानापूरच्या रानातली हवा आणि कलबुर्गीची हवा एक कशी असेल? तेव्हा विभागाच्या अंदाजावर न थांबता आपल्या जिल्ह्याचा अंदाज पाहावा. शेतकऱ्यांसाठीचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी "मेघदूत" हे ॲप फोनवर घेऊन तो सल्ला आईवडिलांना वाचून दाखवावा.

कामाची वेळ आणि पाणी

अंगमेहनतीची कामे पहाटे सुरू करून अकराच्या आत आटोपावीत आणि उरलेली चारनंतर करावीत. दुपारी सावलीतली कामे काढावीत. ढग आले म्हणून दुपारी कुदळ हाती घेऊ नये. ढगाने ऊन अडते, पण दमटपणा कमी होत नाही.

तहान लागण्याची वाट पाहू नये. कामावर असताना दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. घामातून मीठही जाते, म्हणून मधूनमधून मीठ घातलेले ताक, पेज, आंबील किंवा कोकमाचे सरबत घ्यावे. कोरड्या मुलखात घाम दिसत नाही, कारण तो निघतो तसा वाळतो. तिथे पाण्याची जास्तच आठवण ठेवावी. काजूच्या दिवसांत दुपारच्या श्रमावर उतारा म्हणून हुर्राक घेणारे आमच्या पाहण्यात आहेत. त्याने अंगातले पाणी वाढत नाही, उलट घटते आणि धोक्याची जाणीवही बोथट होते.

घाटावरून मजुरीसाठी खाली उतरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. नव्या हवेची सवय व्हायला शरीराला आठवडा ते दोन आठवडे लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत पूर्ण दिवसाचे काम अंगावर घेऊ नये. कामावर ठेवणाऱ्या मालकांनीही ही सवलत आपण होऊन द्यावी. ती मागण्याचे धैर्य गरिबाला नसते. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आपल्या मनाने त्या बंद करू नयेत.

उष्माघात ओळखा

पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळणे आणि फार घाम येणे ही पहिली सूचना. माणसाला सावलीत बसवावे आणि एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी घोट घोट पाजावे. चमचा चहाचा घ्यावा.

पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, बेशुद्ध पडला किंवा त्याला झटके आले आणि अंग तव्यासारखे तापले, तर तो उष्माघात होय. अंग कोरडेच असेल असे नाही. राबणाऱ्याला त्या वेळीही घाम असू शकतो. 108 क्रमांकावर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा व जांघा ह्यांत ओले फडके ठेवावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही. जीव वाचतो तो पहिल्या अर्ध्या तासातल्या थंडाव्याने.

गुरे आणि वाळवण

म्हशीचे अंग काळे आणि तिला घाम थोडा. दुपारी तिला डुंबायला सोडावे किंवा अंगावर पाणी मारावे. संकरित गाय तोंड उघडून धापा टाकू लागली, तर तिला उष्णता सोसवत नाही असे समजावे.

किनाऱ्यावरचे बाष्प दुपारी घाट चढून वरच्या तापलेल्या हवेला मिळते, तेव्हा वळीव कोसळतो. म्हणून अंदाजात गडगडाट असेल त्या दिवशी काजूबिया, सोलां, मिरची आणि सुकी मासळी दुपारीच झाकून ठेवावी. गडगडाट कानी आला की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. विजेची सूचना देणारे "दामिनी" हे ॲपही फोनवर असावे.

हवामानवृत्त सांगणारा आपल्याला आकाश कसे असेल ते सांगतो. आपला गडी, आपली म्हातारी आई, आपल्या दावणीचे जनावर त्या आकाशाखाली कसे राहील, हे त्याला ठाऊक नसते. ते पाहणे आपल्याकडे आहे. उद्या सकाळी अंदाज ऐकाल, तेव्हा आकड्याबरोबर आर्द्रताही विचारा, आणि शेजारच्या शेतात दुपारी कोणी राबताना दिसला, तर त्याला सावलीत बोलावून पाण्याचा तांब्या पुढे करा.